वादळानंतर दारात येणारे ‘गळतीवाले’: त्यांना कसं हाताळायचं, काम कसं द्यायचं

वळवाचा जोरदार पाऊस झाला, गारा पडल्या, किंवा जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने नाशिक जिल्ह्यात वारा-पाऊस आणला तसं काही झालं, की पुढच्या दोन-चार दिवसांत नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळच्या गल्ल्यांतून दोघा-दोघांच्या जोड्या फिरायला लागतात. हातात फाइल, पाठीला सॅक, तोंडात ‘काका’, ‘मावशी’. “खालूनच दिसतंय मावशी, स्लॅबला ओल आलीय. शेजारच्या बंगल्याचं काम चालू आहे, मटेरियल उरलंय, आज सांगितलं तर निम्म्या भावात करून देतो.”

यातले सगळेच फसवे नसतात. काही खरेच कारागीर असतात आणि मोसमात काम शोधत फिरतात. दोघांमधला फरक त्यांच्या बोलण्यावरून कळत नाही, पण एका प्रश्नावरून बऱ्यापैकी कळतो: काम कधी सुरू करणार? वॉटरप्रूफिंगचे बहुतेक कोट ओल्या स्लॅबवर बसत नाहीत. ॲक्रिलिक कोटिंगमधलं पाणी उडून गेलं की त्याची फिल्म धरते. खाली स्लॅब ओला असेल तर ती नीट चिकटत नाही, आणि ऊन पडल्यावर आतली वाफ तिला फुग्यासारखी वर उचलते. डांबरी मेम्ब्रेन (रोलमध्ये येणारा डांबराचा जाड थर) गॅसच्या ज्योतीने चिकटवतात, तिथेही अडकलेल्या ओलीने फुगे येतात. सिमेंटमिश्रित, दोन घटकांचे कोट दमट पृष्ठभाग चालवून घेतात, पण साचलेलं पाणी आणि लगेच येणारी सर त्यांनाही चालत नाही. म्हणजे कालच्या पावसाने भिजलेल्या गच्चीवर आज दुपारी रोलर फिरवायला तयार असलेला माणूस तिथेच नापास झाला, मग त्याचा भाव काहीही असो.

गळतीचं काम ‘आजच’ करण्याचं नसतं. आज फक्त पाणी थोपवायचं असतं.

दारात काय बोलायचं

जाळीचा दरवाजा किंवा साखळी न काढता बोला. ओळखपत्र, पत्ता आणि जीएसटी क्रमांक मागा. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणीचं नाव दिसतं. छोट्या ठेकेदाराकडे तो नसेलही. सेवा देणाऱ्याला साधारण वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे क्रमांक नसणं हा गुन्हा नव्हे. पण नोंदणी नसताना बिलात १८ टक्के जीएसटी लावणारा मात्र खोटं बोलतोय.

मग एकच वाक्य, आणि तेच पुन्हा पुन्हा:

“दादा, आमच्याकडे काम दारात ठरत नाही. कार्ड ठेवून जा, व्हॉट्सअॅपवर कोटेशन पाठवा, तीन कोटेशनं आल्यावर घरात बोलून कळवतो.”

कारणं देत बसू नका. ‘बजेट नाही’ म्हटलं की हप्त्यांची योजना निघते, ‘मुलगा बाहेरगावी आहे’ म्हटलं की “त्यालाच फोन लावा ना” होतं. घरी वयस्क आई-वडील एकटे असतील तर हेच वाक्य मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, खाली मुलाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर. “अशी माणसं आली की आधी मला फोन” हे वादळाच्या आधीच ठरलेलं असावं, कारण “स्लॅब डोक्यावर पडेल” असं ऐकल्यावर घाबरलेला माणूस विचार करण्याच्या स्थितीत नसतो.

फुकट तपासणीसाठी गच्चीवर जाऊ द्यायचं का? एकट्याने कधीच नाही. आधी तुम्ही गच्चीचे फोटो काढा: चारही कोपरे, कठड्याची कडा, पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपची तोंडं. मग बरोबर जा. स्क्रूड्रायव्हरने कोबा (गच्चीवरचा वरचा थर) उकरणं, चायना मोझॅकचा (फरशीच्या तुकड्यांच्या थराचा) तुकडा उचकटणं, कौल सरकवणं हे ‘बघतोय’ म्हणत क्षणात होतं, आणि नंतर तेच बिघाड म्हणून दाखवलं जातं. बजावून सांगा, “हात लावायचा नाही, फक्त बघायचं.”

माणूस हटत नसेल, दारात पाय अडवत असेल तर ११२ ला फोन करा. ‘महापालिकेकडून आलोय’ म्हणणाऱ्याकडे पत्र आणि ओळखपत्र मागा आणि तुमच्या विभागीय कार्यालयात फोन करून खात्री करा. नाशिकमध्ये अशी सहा आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड. आणि नैसर्गिक आपत्तीच्या पंचनाम्याला पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तरी देऊ नका.

पहिले दोन दिवस: पाणी थोपवा

पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागेतून ठिबकत असेल तर आधी त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा स्विच) पाडा. स्लॅबमधून वायरीचे पाइप जातात आणि पाणी त्यातून वाहत भलत्याच ठिकाणी बाहेर येतं. म्हणून पंख्याजवळ ठिबकतंय म्हणजे त्याच्या बरोबर वर भेग आहे, असं समजू नका.

गच्चीवर जाऊन पहिली गोष्ट बघा ती पाइपच्या तोंडाची जाळी. वादळानंतर तिथे पानं, पिशव्या, कबुतराच्या घरट्याच्या काड्या अडकलेल्या असतात आणि गच्चीचं तळं झालेलं असतं. ते साफ केल्यावर निम्म्या गळत्या तशाच थांबतात. त्यानंतरही ठिबकत असेल तर ताडपत्री. गळतीच्या जागेहून सगळीकडून तीन-चार फूट मोठी घ्या, उताराच्या वरच्या बाजूने कठड्यावरून बाहेर सोडा आणि वाळूच्या पिशव्यांनी दाबा. खिळे ठोकू नका, प्रत्येक खिळा म्हणजे नवं भोक. पत्र्याचं छत असेल तर ताडपत्री दोरीने खालच्या चॅनलला बांधा. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका. वाऱ्याने तडकलेला पत्रा वरून धड दिसतो आणि वजन पडताच माणसासकट खाली येतो.

वाट बघू नये अशी काही लक्षणं आहेत. छताचं प्लास्टर मोठ्या तुकड्यांत पडून गंजलेली सळई दिसणं, दरवाजे अचानक अडकायला लागणं, जुन्या नाशकातल्या वाड्याची मातीची भिंत पोट काढणं. त्या वेळी घर रिकामं करा, १०१ ला कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. ही कामं कोटिंगची नाहीत आणि दारोदार फिरणाऱ्यांची तर नाहीतच.

पाणी नेमकं कुठून येतंय

हे तुम्ही स्वतः शोधलं नाही तर विक्रेता त्याच्याकडे जो माल आहे त्याच्या सोयीचं कारण सांगेल.

एखादा स्लॅब वर्षानुवर्षं सरळ पावसात गळला नाही आणि फक्त वादळात गळला, तर संशय आधी भिंतीवर घ्या. वाऱ्याचा पाऊस आडवा येतो आणि खिडकीच्या चौकटीच्या फटीतून, एसीच्या पाइपच्या भोकातून, कठड्याच्या माथ्यावरच्या भेगेतून आत शिरतो. अशा वेळी पूर्ण गच्चीला कोट मारणं म्हणजे पाय मुरगळला म्हणून हाताला प्लास्टर. दुसरा संशय गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथल्या गोलाईवर. गवंडी तिला वाटा म्हणतात. ती तडकली की पाणी कडेने उतरतं आणि खालच्या खोलीत भिंत-छताच्या कोपऱ्यात डाग पडतो.

ओल पावसाची की नळाची, हेही पाहा. कोरडे तीन-चार दिवस गेले तरी डाग तसाच ओला राहत असेल, तर टाकीकडून येणारा त्या बाजूचा व्हॉल्व्ह एक दिवस बंद ठेवा. डाग सुकायला लागला तर पाइप गळतोय. मग प्लंबर लागेल, वॉटरप्रूफिंग नव्हे.

स्लॅब काम करण्याइतका सुकलाय का, याची चाचणी फुकटात होते. जाड पारदर्शक पॉलिथिनचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा गच्चीवर ठेवा, चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी आतून दव धरलं असेल किंवा खालचं काँक्रीट गडद झालं असेल तर आत अजून पाणी आहे. हाच तुकडा पुढच्या विक्रेत्याला दाखवा, त्याचं पुढचं बोलणं लगेच बदलतं.

दारातली प्रात्यक्षिकं

ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला लावलं की लाल दिवा लागतो, हे सर्वांत परिणामकारक नाटक आहे. साधी यंत्रं विजेच्या वहनावर चालतात. पावसाळ्यातल्या दमट रंगावर, भिंतीतल्या क्षारांवर किंवा आतल्या धातूवरही ती लाल होतात. “हेच त्या आतल्या, कोरड्या भिंतीला लावून दाखवा” म्हणा. तिथेही लाल आलं तर यंत्राने काहीच सिद्ध केलेलं नाही.

दुसरं, हातोडीने ठोकून ‘पोकळ आवाज’ ऐकवणं. प्लास्टर सुटलेलं असेल तर पोकळ वाजतं, ते खरं. पण पाणी तिथूनच येतंय, हे त्यावरून ठरत नाही. तिसरं, लेप दिलेल्या तुकड्यावर पाणी ओतून दाखवणं. तो तुकडा कारखान्यात, कोरड्या जागी, भरपूर जाडीने बनवलेला असतो. तुमच्या गच्चीवर किती जाडी देणार, हा प्रश्न आहे.

स्लॅबला भोकं पाडून रसायन भरण्याचं काम, म्हणजे ग्राउटिंग, हे बहुधा ‘नोझलप्रमाणे’ (रसायन भरायला भोकात बसवलेल्या प्रत्येक नळीमागे) भावात सांगतात. मग १५ नोझलच्या जागी ६० बसतात. नोझल किती, कुठे, हे खडूने आधी मार्क करून घ्या आणि कमाल संख्या कोटेशनवर लिहून घ्या. भोक पाडताना सळई किंवा वायरीचा पाइप कापला जाऊ शकतो. जागा ठरवणाऱ्याला ते माहीत आहे का, हे विचारा.

कोटेशन: माप आणि माल

‘फुटाला इतके’ या शब्दावर सगळ्यात जास्त पैसे जातात. चौरस फूट की धावता फूट? आणि कठडा धरून की सोडून? ४० बाय २० फुटांची गच्ची घ्या. सपाट भाग ८०० चौरस फूट. परिघ १२० फूट, त्यावर कोट साधारण एक फूट वर चढवावा लागतो, म्हणजे आणखी १२०. एकूण ९२०. काही जण तीन फुटी कठड्याची आतली पूर्ण बाजू धरतात, मग तीच गच्ची १,१६० होते. पूर्ण कठडा रंगवायचा असेल तर हरकत नाही, पण ते लिहिलेलं असावं. स्वतः टेपने मोजा आणि आकडा कोटेशनवर तुम्ही लिहा.

मालाचा हिशेब डब्यावर छापलेल्या कव्हरेजवरून करायचा. समजा डब्यावर दोन कोटांना मिळून एका लिटरला २० चौरस फूट लिहिलंय. मग ९२० चौरस फुटांना ४६ लिटर लागणार, म्हणजे २० लिटरचे दोन डबे आणि वर ६ लिटर. ठेकेदार ‘एका डब्यात करतो’ म्हणाला, तर तो अर्ध्याहून जास्त पाणी मिसळणार आहे. प्रायमर म्हणून पहिला हात पातळ मारतात, ते योग्यच. त्यानंतरचे हात कंपनीने सांगितलेल्या जाडीचेच हवेत.

डबे कामाच्या दिवशी तुमच्या समोर उघडायला लावा. सील, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख फोटोत घ्या. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात दुसरा माल भरून आणणं सर्रास चालतं. काम संपल्यावर रिकामे डबे मोजा आणि शेवटचे पैसे देईपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. त्याहून बरं, माल तुम्हीच दुकानातून बिलावर घ्या आणि ठेकेदाराला फक्त मजुरी द्या. एवढी एक गोष्ट केली तरी फसवणुकीच्या बऱ्याच वाटा बंद होतात.

मेम्ब्रेनचं काम असेल तर एक रोल साधारण १ मीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे १० चौरस मीटर येतो. पण बाजूचा जोड किमान १०० मिमी एकमेकांवर चढवावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात रोलमागे ९ चौरस मीटरच धरा. रोल कमी आणले असतील तर जोड तोकडे पडणार, आणि मेम्ब्रेन जोडावरच गळते.

कोट मारण्याआधीचं काम कोटिंगइतकंच महत्त्वाचं, आणि घाईतला माणूस नेमकं तेच वगळतो. शेवाळ वायर ब्रशने काढून गच्ची धुणं, भेगा ‘व्ही’ आकारात कापून पॉलिमर मॉर्टरने भरणं, वाटा नव्याने बांधणं, पाणी पाइपकडे जातंय का ते पाहणं. उतार साधारण १०० ला १ हवा, म्हणजे १० फुटांत सव्वा इंच. उतारच नसेल तर कोणताही कोट साचलेल्या पाण्याखाली फार काळ टिकत नाही.

करार एका पानाचा पुरतो, पण त्यात हे हवंच: मोजलेलं क्षेत्रफळ, मालाचं नाव आणि डब्यांची संख्या, हात किती, दोन हातांमधलं अंतर, सुरुवात आणि शेवट, राडारोडा कोण उचलणार, मजुराला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, आणि गॅरंटी नेमकी कशाची. “१० वर्षांची गॅरंटी” ही देणाऱ्याचा पक्का पत्ता नसेल तर दहा दिवसांचीही नसते. मालाची वॉरंटी कंपनीची असते, कामाची ठेकेदाराची. दोन्ही वेगळ्या लिहून घ्या.

पत्रे उडाले असतील तर

सातपूर-अंबडच्या शेडपासून बंगल्याच्या गच्चीवरच्या छपरापर्यंत इथे फसवणूक जाडीत होते. ०.४५ मिमी सांगून ०.३५ चा पत्रा बसवतात, डोळ्यांना फरक दिसत नाही. वजन करा. चार फूट रुंद कॉइलपासून (पत्र्याच्या गुंडाळीपासून) केलेला १० फुटी पत्रा ०.४५ चा असेल तर साधारण १३ किलो भरतो, ०.३५ चा असेल तर १० किलोच्या आसपास. भंगारवाल्याचा काटाही चालेल.

बसवताना स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवेत, पन्हाळीत नाही, आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर. वारा छपराच्या कडा आणि शिखराला सगळ्यात जास्त उचलतो, म्हणून तिथे स्क्रू दाट लागतात. ‘सगळीकडे सारखेच’ म्हणणारा काम जाणत नाही. लांबीच्या जोडात वरचा पत्रा खालच्यावर किमान १५० मिमी चढलेला हवा. जुना सिमेंटचा पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात जाते.

पैसे

रोख आगाऊ रक्कम घेऊन ‘माल आणतो’ म्हणून गेलेला माणूस परत न येणं, हा सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त होणारा प्रकार. आगाऊ रक्कम १० टक्क्यांच्या वर देऊ नका, आणि तीही बँकेतून किंवा यूपीआयने, खात्यावरचं नाव कोटेशनवरच्या नावाशी जुळवून. माल जागेवर आल्यावर ३० टक्के, भेगा आणि वाट्याचं काम पाहिल्यावर २०, कोट पूर्ण झाल्यावर २५. उरलेले १५ टक्के पाणी उभं करून पाहिल्यावर. “परतावा मिळेल, क्यूआर स्कॅन करून पिन टाका” असं कुणी म्हटलं तर थांबा. पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नाही.

पाण्याची चाचणी अशी: कोट कंपनीने सांगितलेले दिवस सुकू द्या, पाइपची तोंडं बंद करा, एक इंच पाणी ४८ तास उभं ठेवा आणि खालून छत बघा. ८०० चौरस फुटांना साधारण १,८५० लिटर लागतात, म्हणजे गच्चीवर तेवढ्याच किलोंचं वजन येतं. म्हणून सळई उघडी पडलेल्या जुन्या स्लॅबवर किंवा वाड्याच्या माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) ही चाचणी करू नका. तिथे पुढच्या चांगल्या पावसापर्यंत पैसे राखून ठेवा.

फ्लॅटमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्वतः सही करू नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेची जबाबदारी आहे. विक्रेत्याला कमिटीकडे पाठवा आणि कमिटीला लेखी अर्ज द्या. घराचा विमा असेल तर दुरुस्तीआधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत ताडपत्रीवरच भागवा. “क्लेम मी करून देतो” म्हणणाऱ्याला कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका.

सही झाली, पैसे गेले

ठेकेदाराच्या कामाला ‘इतक्या दिवसांत रद्द करता येईल’ असा सरसकट हक्क आपल्याकडे नाही, त्यामुळे मन बदललं तर माल येण्याआधी, त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर लिहा: “काम रद्द करत आहे, आगाऊ रक्कम अमुक दिवसांत परत करा.” फोनवर बोलणं झालं तरी नंतर लेखी पाठवाच.

काम वाईट निघालं तर तारखेसह फोटो, रिकामे डबे, बिल, चॅट एकत्र ठेवा आणि स्पीड पोस्टने दुरुस्तीची नोटीस पाठवा. प्रतिसाद नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. आगाऊ रक्कम घेऊन माणूस गायब झाला असेल तर जवळच्या पोलिस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या, कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. यूपीआय किंवा ऑनलाइन फसवणूक असेल तर त्याच तासात १९३० ला फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले गेले तरच परत मिळण्याची शक्यता राहते. तक्रारीत गाडीचा नंबर असेल तर शोध सोपा होतो, म्हणून अशी माणसं दारात आली की त्यांच्या गाडीचा एक फोटो आधीच काढून ठेवा.